मग मागे जाऊन वाचवत का नाही? : ‘डॉक्टर हू’मधल्या काळाचे नियम

कालयंत्र ज्याच्या दाराशी उभं आहे अशा माणसाच्या गोष्टीत कुणी मेलं, की प्रेक्षकाला रडू फुटण्याआधी प्रश्न पडतो : मग दहा मिनिटं मागे जाऊन वाचवत का नाही? बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झालेली ‘डॉक्टर हू’ ही मालिका या एकाच प्रश्नाला साठ वर्षं वेगवेगळी उत्तरं देत आली आहे. तिचे चाहते ती उत्तरं एकमेकांशी ताडून बघतात आणि जुळली नाहीत की भांडतात. १९८९ ते २००५ या काळात, १९९६चा एक दूरचित्रपट सोडला, तर मालिका पडद्यावर नव्हतीच. भांडण तेव्हाही सुरू होतं.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : डॉक्टर हा गॅलिफ्रे नावाच्या ग्रहावरचा ‘टाइम लॉर्ड’. त्याचं यान टार्डिस. बाहेरून ती जुन्या लंडनमधल्या निळ्या पोलीस चौकीच्या खोक्यासारखी दिसते, आतून प्रचंड मोठी आहे, आणि काळात कुठेही जाऊ शकते. डॉक्टर मरायला टेकला की त्याचं शरीर बदलतं, म्हणजे नट बदलतो. म्हणून तर मालिका इतकी टिकली. (आपल्याकडच्या वाचकांना आवडेल अशी एक गोष्ट : अगदी पहिली कथा दिग्दर्शित करणारे वारिस हुसेन हे लखनौचा जन्म असलेले.) आता पुढे कथांचे शेवट उघड होणार आहेत. त्याला इलाज नाही, शेवट लपवून हा विषय सांगताच येत नाही.

चाहत्यांचे वाद ऐकताना माझं मत असं होत गेलं की, बरेचसे वाद दोन माणसं काळाची दोन वेगवेगळी चित्रं डोळ्यांसमोर ठेवून बोलतात म्हणून होतात. तेव्हा आधी ती चित्रं बघू.

पहिलं चित्र : जे घडलं ते घडलं. तुम्ही भूतकाळात गेलात तरी तुमचं तिथं जाणं इतिहासात आधीपासूनच धरलेलं आहे. तुम्ही काहीतरी बदलायला जाता आणि नेमकं तेच घडवून येता. रशियन भौतिकशास्त्रज्ञ इगोर नोविकोव्ह यांनी १९८०च्या दशकात हाच विचार तत्त्व म्हणून मांडला : कालप्रवास शक्य असलाच, तर स्वतःशी विसंगत ठरणारी घटना घडूच शकणार नाही. तुम्ही आजोबांना त्यांच्या लग्नाआधी गोळी घालायला गेलात तर बंदूक अडकेल, नेम चुकेल, काहीही होईल, पण आजोबा वाचतील. कारण तुम्ही जन्मलात, हा पुरावा हजर आहे.

दुसरं चित्र : काळ एकच आहे, पण तो पुसून नव्याने लिहिता येतो. इथं आजोबा खरंच मरू शकतात, आणि मग पेच पडतो. आजोबा नाहीत तर तुम्ही नाही, तुम्ही नाही तर गोळी कुणी झाडली?

तिसरं चित्र फाट्यांचं. बदल केला की नवी शाखा फुटते आणि जुनी तशीच चालू राहते. ह्यू एव्हरेट यांनी १९५७मध्ये पुंजभौतिकीचा जो अर्थ लावला त्यातून हे चित्र कथाकारांच्या हाती आलं. मराठी वाचकाला ते जयंत नारळीकरांनी केव्हाच दाखवलं आहे : त्यांच्या कथेतले प्राध्यापक अशा जगात जाऊन पडतात जिथं विश्वासरावांना लागणारी गोळी थोडक्यात हुकली आणि पानिपत मराठ्यांनी जिंकलं. दोन्ही जगं खरी, कुणी कुणाला पुसत नाही. आजोबांचा पेचही इथं सुटतो, कारण तुम्ही मारलेले आजोबा दुसऱ्या शाखेतले.

अलीकडच्या सुपरहिरो चित्रपटांमुळे नव्या प्रेक्षकाच्या डोक्यात हे तिसरं चित्र पक्कं बसलेलं असतं, आणि तो तेच घेऊन ‘डॉक्टर हू’कडे येतो. तिथंच पहिला घोटाळा होतो. या मालिकेत समांतर विश्वं आहेत, १९७०पासून आहेत, पण ती शेजारची घरं असावीत तशी बाजूला असतात. डॉक्टरने भूतकाळात ढवळाढवळ केली म्हणून नवी शाखा फुटली, असं सहसा होत नाही. मालिका झुलते ती पहिल्या आणि दुसऱ्या चित्राच्या मध्ये.

आणि हे झुलणं अगदी सुरुवातीपासूनचं आहे. १९६४च्या ‘द ॲझटेक्स’मध्ये इतिहासाची शिक्षिका बार्बरा ॲझटेक लोकांत देवीचा अवतार समजली जाते. तिला वाटतं, आपण आता नरबळीची चाल थांबवली तर पुढे स्पॅनिश सेनानी कोर्तेस चालून आल्यावर ही संस्कृती वाचेल. विल्यम हार्टनेलचा डॉक्टर तिला ठणकावतो : इतिहास बदलता येत नाही, एक ओळसुद्धा नाही! बळी थांबत नाहीत. बार्बराला फक्त एका पुजाऱ्याचं मन बदलता येतं. ते मालिकेचं ब्रह्मवाक्य ठरलं असतं, पण वर्षभरात, १९६५च्या ‘द टाइम मेडलर’मध्ये, एक भिक्षूच्या वेशातला टाइम लॉर्ड १०६६ साली इंग्लंडच्या किनाऱ्यावर अणुतोफ घेऊन बसलेला सापडतो. व्हायकिंग आरमार बुडवायचं, म्हणजे इंग्लंडचा राजा हॅरल्डचं सैन्य ताजंतवानं राहील आणि प्रत्यक्षात हरलेली हेस्टिंग्जची लढाई तोच जिंकेल, असा त्याचा बेत. आणि डॉक्टर घाईघाईने त्याला रोखतो! एक ओळही बदलत नसेल तर रोखायचं कशाला?

जुने चाहते यावर म्हणतात, ‘बदलता येत नाही’चा अर्थ ‘बदलू नये’ असा घ्यायचा. आईबाप मुलाला “असं करता येत नाही” म्हणतात, तसा. मला हे पटतं, पण त्यातून पुढचा गुंता सुटत नाही. ‘द टाइम मेडलर’मध्येच डॉक्टरचे सोबती आपसात बोलतात की हॅरल्ड जिंकला तर पुस्तकं बदलतील आणि आपल्या आठवणीही बदलतील. उलट १९७५च्या ‘पिरॅमिड्स ऑफ मार्स’मध्ये साल आहे १९११. डॉक्टरची सोबतीण सेरा म्हणते, जग १९११मध्ये संपलेलं नाही हे मला माहीत आहे, मी १९८०मधून आलेय, चला निघू. डॉक्टर तिला टार्डिसमधून १९८०मध्ये नेतो आणि दार उघडून दाखवतो : उजाड, वादळी, मेलेली पृथ्वी. आपण आत्ता निघून गेलो तर हे होईल. दृश्य जबरदस्त आहे. मात्र जग १९११मध्येच संपलं असेल तर सेरा जन्मलीच नाही, मग ते बघत उभी कोण आहे? आणि तिच्या आठवणी का बदलल्या नाहीत? चाहत्यांनी यावर काढलेली तोड अशी की, टार्डिसच्या आत असलेल्याला बदलाची झळ बसत नाही. मालिकेनं हे तेव्हा कुठं ठामपणे सांगितलं नव्हतं, चाहत्यांनी ते तिच्या वतीनं मांडलं. असं वारंवार होतं.

पहिल्या चित्राची, म्हणजे ‘घडलं ते घडलं’ची, सगळ्यात नेटकी कथा १९७२ची ‘डे ऑफ द डालेक्स’. बाविसाव्या शतकातले बंडखोर मागे येतात ते एका मुत्सद्द्याला मारायला, कारण त्यानं शांतता परिषदेत स्फोट घडवला आणि त्यातून झालेल्या युद्धामुळं पृथ्वी डालेक नावाच्या शत्रूच्या हाती गेली, असं त्यांना वाटतं. डॉक्टरच्या लक्षात येतं की स्फोट करणारा मुत्सद्दी नव्हताच. त्याला मारायला आलेल्या बंडखोरांपैकीच एकानं तो केला होता. ज्यातून सुटायला ते आले, ते त्यांनीच घडवलं. इथवर नोविकोव्ह अगदी खूश झाले असते. पण शेवटी डॉक्टर परिषदेतल्या लोकांना वेळेत बाहेर काढतो, स्फोटात डालेकच मरतात आणि ते भविष्य टळतं. म्हणजे पहिल्या चित्रावर उभी केलेली कथा लेखकानं दुसऱ्या चित्रात सोडवली. तर्काला सोडून आहे, पण कथा म्हणून बघताना मला तरी ते खटकत नाही.

याच कथेत डॉक्टरची मदतनीस जो ग्रँट नेमका आपला प्रश्न विचारते : या बंडखोरांना आणखी एक दिवस मागे जाऊन पुन्हा प्रयत्न का करता येत नाही? डॉक्टर म्हणतो, अहं, तो ब्लिनोविच मर्यादा परिणाम! आणि विषय तिथंच सुटतो. ब्लिनोविच कोण, मर्यादा कसली, पत्ता नाही. अकरा वर्षांनी ‘मॉड्रिन अनडेड’मध्ये हेच नाव पुन्हा येतं तेव्हा ब्रिगेडियर लेथब्रिज-स्ट्युअर्ट हे पात्र १९७७ आणि १९८३ अशा दोन वयांत समोरासमोर येतं, स्पर्श होताच ऊर्जेचा लोळ उठतो. एकाच नावाखाली दोन वेगळे नियम! मला हे मालिकेच्या लेखकांचं सगळ्यात प्रामाणिक काम वाटतं. प्रश्नाला उत्तर नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी त्याला एक भारदस्त नाव दिलं आणि पुढे गेले.

स्थिर बिंदू

२००५मध्ये मालिका परतली तेव्हाचा प्रेक्षक असल्या नावांवर भागणारा नव्हता. त्याच वर्षीच्या ‘फादर्स डे’मध्ये तो प्रश्न थेट कथेचा विषय झाला. डॉक्टरची सोबतीण रोझ हिचे वडील ती तान्ही असताना, १९८७मध्ये, मोटारीखाली येऊन गेलेले. ती डॉक्टरसोबत तिथं जाते आणि न राहवून त्यांना ढकलून वाचवते. लगेच काळाला जखम होते, त्या जखमेतून पंखवाले प्राणी येऊन माणसं गिळू लागतात. शेवटी वडिलांनाच सगळं उमगतं, आणि ते स्वतः जाऊन त्या मोटारीपुढे उभे राहतात. चाहते ज्या बारकाव्यावर बोट ठेवतात तो पुढे आहे. कथेच्या सुरुवातीला रोझची आई सांगते की मोटारवाला पळून गेला, वडील एकटेच गेले. शेवटी तीच आई सांगते की मोटारवाला थांबला होता, आणि कुणी अनोळखी मुलगी मरेपर्यंत त्यांचा हात धरून बसली होती. मृत्यू तोच, तपशील बदलला. म्हणजे काळ दगडही नाही आणि कोरी पाटीही नाही.

२००८च्या ‘द फायर्स ऑफ पॉम्पेई’मध्ये या मधल्या स्थितीला नियमाचं रूप मिळालं : काही घटना स्थिर, काही प्रवाही. शेतात दारं धरताना गडी वाफ्याचा बांध फोडून पाणी हवं तिकडं वळवतो, पण मध्येच कातळ लागला तर पाणी त्याला वळसा घालूनच जातं, फावडं कितीही मारा. स्थिर बिंदू म्हणजे तो कातळ. कुठली घटना कुठल्या प्रकारची हे टाइम लॉर्डला जाणवतं, माणसाला नाही.

इसवी सन ७९चा व्हेसुव्हियसचा उद्रेक असा बिंदू. कथेचं बळ मात्र पुढच्या वळणात आहे. परग्रहावरच्या शत्रूनं ज्वालामुखीची शक्ती वळवून घेतल्यामुळं उद्रेक होणारच नसतो, आणि जग वाचवायचं तर डॉक्टरनंच तो घडवायला हवा. पॉम्पेईचे वीस हजार लोक त्याच्या हातून मरणार. त्याची सोबतीण डोना त्याच्या हातासोबत कळीवर आपला हात ठेवते. मग तीच रडून विनवते, सगळे नकोत, एक तरी घर वाचव. तो एक कुटुंब उचलून आणतो. साठ वर्षांत ‘वाचवत का नाही’चं इतकं चोख उत्तर मालिकेनं दुसरं दिलेलं नाही. (त्या कुटुंबप्रमुखाचं काम करणारा पीटर कपाल्डी पुढे स्वतःच डॉक्टर झाला, आणि त्यावरही मालिकेनं नंतर कथा रचली.)

दुसऱ्याच वर्षी ‘द वॉटर्स ऑफ मार्स’ने हा नियम तोडून दाखवला. २०५९, मंगळावरचा पहिला मानवी तळ, प्रमुख ॲडिलेड ब्रूक. तळ नष्ट होणार हे ठरलेलं, कारण तिच्या मृत्यूमुळेच पुढे तिची नात अंतराळात जाणार. डेव्हिड टेनंटचा डॉक्टर या खेपेला ऐकत नाही, तिला पृथ्वीवर आणून सोडतो, आणि काळाचे नियम आता माझे आहेत अशी मिजास करतो. ॲडिलेड घरात जाते आणि स्वतःला गोळी घालते. मंगळाऐवजी पृथ्वीवर मेली, तपशील बदलला, कातळ जागेवर.

आता वाद. घटना स्थिर कशामुळं होते? एक पक्ष म्हणतो, तो घटनेचाच गुण आहे, पॉम्पेईत डॉक्टरला तो दिसतो तसा. दुसरा पक्ष म्हणतो, तुम्हाला ती कळली की ती स्थिर होते. या पक्षाकडे भक्कम पुरावा आहे तो २०१२च्या ‘द एंजल्स टेक मॅनहॅटन’चा. तिथं पुढं घडणारं सगळं एका पुस्तकात छापलेलं असतं आणि डॉक्टर आपली सोबतीण एमी हिला पुढची पानं वाचू देत नाही : एकदा वाचलं की दगडावरची रेघ. नाट्य म्हणून हे फारच छान. पण सगळ्या मालिकेला लावून बघा. कळण्यानं घटना पक्की होत असेल तर डॉक्टरला पृथ्वीचा इतिहास जवळजवळ पाठ आहे, म्हणजे सगळाच पक्का. मग १०६६मध्ये तोफ घेऊन बसलेल्या भिक्षूची भीती कसली? म्हणून मी पहिल्या पक्षाचा.

त्याच कथेच्या शेवटी एमी आणि तिचा नवरा रोरी जुन्या न्यूयॉर्कमध्ये अडकतात. तिथला काळ इतका विस्कटलाय की टार्डिस पुन्हा तिथं नेली तर शहरच उद्ध्वस्त होईल, असं डॉक्टर सांगतो. त्यावर जगभरच्या चाहत्यांनी एकच सवाल केला : शेजारच्या न्यू जर्सीत उतरून बसने जा ना! समाधानकारक उत्तर पडद्यावर नाही. पॉम्पेईत नियम कथेच्या आतून वर येतो, इथं निरोपाचा प्रसंग आधी ठरला आणि नियम मागाहून चिकटवला, हे दिसतं.

भारतीय प्रेक्षकानं आवर्जून बघावी ती कथा स्थिर बिंदूची नाहीच. २०१८ची ‘डीमन्स ऑफ द पंजाब’, लेखक विनय पटेल. जोडी व्हिटेकरची डॉक्टर यास्मिन खानला तिच्या आजीच्या तरुणपणात नेते : ऑगस्ट १९४७, फाळणीची रेघ नुकतीच शेतातून गेलेली. मुसलमान उमब्रीनचं लग्न हिंदू प्रेमशी होतंय, आणि यास्मिनच्या आजोबांचं नाव प्रेम नाही. हा आजोबांचा पेच उलटा करून मांडलेला आहे. कुणाला मारायचं नाही, उलट मरू द्यायचं आहे, कारण प्रेम वाचला तर आजी तिथंच राहील आणि यास्मिन जन्मणारच नाही. प्रेमवर बंदूक रोखणाऱ्यांत त्याचा सख्खा धाकटा भाऊ असतो. इथं ‘वाचवत का नाही’ विचारावंसं वाटतं ते तर्कासाठी नव्हे, आणि डॉक्टर पाठ फिरवून चालू लागते तेव्हा काळाचा कुठलाही सिद्धांत पुढे करत नाही.

आधी कुणी लिहिलं?

एक पेच असा आहे की त्यात कुणी मरत नाही, तरी तो डोकं जास्त खातो. २००७ची ‘ब्लिंक’ घ्या. १९६९मध्ये अडकलेला डॉक्टर कॅमेऱ्यासमोर बोलतो, ते चित्रण पुढे डीव्हीडीवर लपवलेलं सापडतं, आणि २००७मध्ये सॅली नावाची तरुणी त्या चित्रणाशी चक्क संवाद करते. तिचे प्रश्न त्याला कसे ठाऊक? कारण त्याच्याजवळ या संवादाची लिखित प्रत आहे. प्रत आली कुठून? सॅलीचा मित्र संवाद चालू असताना ती लिहीत होता, आणि पुढे सॅलीनंच ती डॉक्टरला दिली. म्हणजे डॉक्टर वाचून बोलतो आणि तो बोलला ते लिहिलं जातं. ते शब्द रचले कुणी? कुणीच नाही. ‘विब्ली-वॉब्ली, टाइमी-वाइमी’ हे चाहत्यांचं लाडकं उत्तर याच कथेतलं.

२०१५च्या ‘बिफोर द फ्लड’मध्ये कपाल्डीचा डॉक्टर थेट प्रेक्षकांकडे बघून हा पेच समजावतो : बीथोव्हेनचा भक्त भूतकाळात जातो, बीथोव्हेन नावाचा कुणी सापडत नाही, म्हणून तो सोबत आणलेल्या स्वरलिप्या स्वतःच उतरवून प्रसिद्ध करतो. मग पाचवी सिम्फनी रचली कुणी? लक्षात घ्या, यात विसंगती कुठंच नाही. नोविकोव्हचं तत्त्व या वर्तुळाला पास करेल. खटकतं ते एवढंच की माहिती फुकट मिळाली. आइन्स्टाइनच्या समीकरणांतूनही काळाची अशी बंद वर्तुळं निघतात हे कुर्ट गोडेल यांनी १९४९मध्ये दाखवलं होतं. स्टीफन हॉकिंग यांना वाटायचं की निसर्ग ती बनूच देत नसावा. २००९मध्ये त्यांनी कालप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली, निमंत्रणं मेजवानी उरकल्यावर जाहीर केली. कुणी आलं नाही.

चाहत्यांच्या एका जुन्या वादात काळाचा सिद्धांत नाहीच, नुसता हिशेब आहे. ब्रिगेडियरच्या फौजेच्या, म्हणजे युनिटच्या, कथा कुठल्या सालात घडतात? १९६८च्या दोन कथांतले उल्लेख जोडले तर युनिटची पहिली मोहीम १९७९च्या आसपास येते. सेरा स्वतःला १९८०ची म्हणवते. आणि ‘मॉड्रिन अनडेड’ सांगते की ब्रिगेडियर १९७६मध्येच निवृत्त झाला! १९६८च्या त्या दोन कथांपैकी ‘द वेब ऑफ फिअर’ ही बीबीसीनं पुसून टाकलेल्या चित्रफितींपैकी. तिचे बरेच भाग २०१३मध्ये नायजेरियातून मिळाले, म्हणजे कित्येक वर्षं लोक डोळ्यांनी न पाहिलेल्या पुराव्यावर भांडत होते. मालिकेनं हार मानली ती मजेत : २००८मध्ये डॉक्टर म्हणतो, मी युनिटमध्ये होतो, सत्तरच्या दशकात... की ऐंशीच्या?

सगळ्यात मोठा वाद मात्र ५०व्या वाढदिवसाच्या ‘द डे ऑफ द डॉक्टर’चा, २३ नोव्हेंबर २०१३. २००५पासून मालिका सांगत होती की टाइम लॉर्ड आणि डालेक यांच्यातलं महायुद्ध संपवायला डॉक्टरनं एका अस्त्रानं स्वतःचा ग्रह बेचिराख केला. इथं तीन डॉक्टर, म्हणजे ते युद्ध लढलेला म्हातारा योद्धा आणि त्याची पुढची दोन रूपं, एका गोठ्यात त्या अस्त्रापाशी जमतात, मॅट स्मिथचा डॉक्टर म्हणतो, चारशे वर्षं विचार केला, आता माझं मत बदललंय, आणि सगळे मिळून गॅलिफ्रे जाळण्याऐवजी काळाच्या कप्प्यात लपवतात. आधीच्या डॉक्टरांना हे आठवणार नाही, असंही सांगितलं जातं. तर इतिहास बदलला, की आधीपासून असंच घडलं होतं आणि तो विसरला होता?

‘असंच घडलं होतं’वाल्यांचं पारडं तर्कात जड आहे. विस्मरण धरलं की २००५ ते २०१३मधलं एकही दृश्य खोटं ठरत नाही. ‘बदलला’वाल्यांना तो निर्णयाचा क्षण हवा आहे, आणि मला ते समजतं : आधीपासूनच ग्रह वाचलेला होता, तर चारशे वर्षांचा तो सगळा पश्चात्ताप न केलेल्या पापाचा. पण त्यांना एक गोष्ट समजावून सांगावी लागते. भविष्यातल्या डॉक्टरांना त्या गोठ्यात बोलावून घेणारं ते अस्त्रच होतं, ज्याला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे. ‘पहिल्या खेपेस’ म्हाताऱ्या योद्ध्यानं एकट्यानं कळ दाबली असेल, तर तेव्हा त्या अस्त्रानं कुणालाच का बोलावलं नाही?